बाप चॅम्पियन आहे, म्हणजे पिल्लू चांगलंच निघणार का?

निनाद_मिरज

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी बऱ्याच वर्षांनी कुत्रा येणार आहे. अंगण आहे, आई-बाबा दिवसभर घरी असतात आणि सगळ्यांचं एकमत जर्मन शेफर्डवर झालंय. पुण्याच्या बाजूला एका ब्रीडरकडे पिल्लं झाली आहेत. बाकीचे लोक सांगतात त्याच्या दुप्पट किंमत हा माणूस मागतोय. कारण विचारलं की एकच उत्तर, "साहेब, बाप चॅम्पियन आहे." व्हॉट्सॅपवर बापाचे फोटो धडाधड आले. रिंगमधला, चषकाशेजारचा, जजसोबतचा. आईचा एकही नाही.

चांगल्या पिल्लासाठी पैसे द्यायची तयारी आहे. पण शोमधलं यश आणि पैदाशीचा दर्जा यांचा खरंच किती संबंध असतो? दहा-बारा वर्षं जो जीव आपल्या घरात राहणार, त्याची प्रकृती आणि स्वभाव बापाच्या चषकावरून कळतो का? ज्यांनी शोमध्ये कुत्री उतरवली आहेत, घरी पिल्लं काढली आहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

चिंटूचे_बाबा

आईचा फोटो नाही, इथेच उत्तर मिळालं. पुढचा ब्रीडर बघा.

शुभांगी_लॅबवाली

निनाद, मी बरीच वर्षं लॅब्राडोर शोमध्ये उतरवते आणि अधूनमधून एखादं लिटरही (मादीची एका वेळची पिल्लं) घेते. इथे लगेच "शो म्हणजे नुसती सौंदर्यस्पर्धा" असे प्रतिसाद येतील, म्हणून आधीच लिहिते.

रिंगमध्ये जज नुसता बघत नाही, कुत्र्याला हात लावून तपासतो. दात मोजतो, वरचे-खालचे दात नीट बसतात का ते पाहतो. नराची दोन्ही वृषणं खाली उतरलेली आहेत का, हे चाचपतो. खांद्याचा कोन, छातीची खोली, पाठ, मागच्या पायांची ठेवण, सगळं हाताखालून जातं. मग चालवून, पळवून पाहतो. समोरून, मागून, बाजूने. अनोळखी माणसाने तोंडात बोट घातल्यावर जो कुत्रा गुरगुरतो किंवा शेपूट घालून मागे सरतो, तो रिंगमधून बाहेर जातो. आजूबाजूला शेकडो कुत्री भुंकत असताना, लाउडस्पीकर चालू असताना शांत उभं राहणं ही स्वभावाची परीक्षाच आहे.

दुसरं म्हणजे शोमध्ये उतरणारा ब्रीडर सापडतो. त्याची कुत्री केनेल क्लबकडे नोंदलेली असतात, मायक्रोचिप असते, दहा लोक त्याला ओळखतात. ऑनलाइन जाहिरात टाकून गाडीच्या डिकीतून पिल्लू देणारा माणूस उद्या फोनसुद्धा उचलत नाही. आपल्याकडे हा फरक फार मोठा आहे.

ओंकार_प

शुभांगीताई, तुमचं म्हणणं पटतं. पण चॅम्पियन म्हणजे नेमकं काय, हेही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या जजांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेट मिळाली की कुत्रा चॅम्पियन होतो. म्हणजे त्या-त्या दिवशी, त्या-त्या मैदानात, समोर उभ्या असलेल्या कुत्र्यांमध्ये तो सरस ठरला. समोर किती होते? लॅब किंवा शेफर्डच्या रिंगमध्ये गर्दी असते, तिथला किताब कमावलेला असतो. पण ज्या जातीची शोला दोन-तीनच कुत्री येतात तिथे? मी असे शो बघितले आहेत जिथे एखाद्या जातीची एकच एंट्री होती. त्याच्याही गळ्यात रोझेट पडली, आणि पुढे जाहिरातीत तीच छापली गेली.

शिवाय व्यावसायिक हँडलर. कुत्रा कसा उभा करायचा, मान किती वर धरायची, कुठल्या वेगाने पळवलं की मागच्या पायाचा दोष झाकला जातो, हे त्यांना पक्कं माहीत असतं. तेच कुत्रं मालकाने स्वतः उतरवलं तर मागे पडतं. रक्त दोन्ही वेळा तेच ना?

पशुवैद्य_वऱ्हाडी

चांगला विषय. जरा लांबण लागेल.

शुभांगीताईंनी जे लिहिलं ते जज खरोखर तपासतो. अडचण ही की पैदाशीसाठी जे सगळ्यात महत्त्वाचं, ते हाताला आणि डोळ्याला कळतच नाही.

शेफर्डचंच घ्या. खुब्याचा दोष म्हणजे हिप डिसप्लेशिया हा एक्सरेशिवाय ठरत नाही. सौम्य किंवा मध्यम दोष असलेला कुत्रा तरुणपणी रिंगमध्ये छान धावतो. बहुतेक किताब दोन ते पाच वर्षांच्या वयात मिळतात, आणि लंगडणं पुढे सुरू होतं. तोपर्यंत त्याची कित्येक लिटर होऊन गेलेली असतात. शेफर्डमध्ये डीजनरेटिव्ह मायलोपथी (डीएम) नावाचा मज्जारज्जूचा आजार आहे. साधारण आठ वर्षांच्या पुढे मागचे पाय हळूहळू लुळे पडतात. त्याच्याशी जोडलेला जनुकीय दोष गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवर कळतो. चषकावर कळत नाही.

लॅबमध्ये पीआरए हा अंधत्व आणणारा आजार असतो. त्याचा वाहक कुत्रा स्वतः आयुष्यभर ठणठणीत असतो, डोळे उत्तम. असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. दोघेही चॅम्पियन असू शकतात, जज दोघांनाही पहिला नंबर देईल, आणि त्यात जजची काहीच चूक नसेल.

आता गाई-म्हशींकडे बघा. वळू दूध देत नाही. मग वळू चांगला की वाईट हे कसं ठरवतात? त्याच्या मुली किती दूध देतात यावरून. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही पशुपैदाशीचं काम करणारी संस्था सुरू केली. तिथल्यासारख्या कामात वळूचं रूप बघून कोणी थांबत नाही, संततीच्या नोंदी ठेवल्या जातात. दिसायला राजबिंडा वळू मुलींच्या दुधात नापास झाला तर बाद. कुत्र्यांमध्ये आपण नेमकं उलटं करतो. बापाला बक्षीस मिळालं की लगेच मागणी, आणि त्याच्या आधीच्या पिल्लांचं काय झालं हे विचारायला कोणी जात नाही.

वसुधा_नाशिक

डॉक्टर, वाचनखूण साठवली. वळूचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं.

माणदेशी

आमच्याकडचं सांगतो. सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढा या पट्ट्यात कारवानी कुत्री पिढ्यान्पिढ्या आहेत. लांब केसांची ती पश्मी. आमच्या आज्याच्या काळात कुत्रं कसं निवडायचे? माळावर सशामागं सोडायचं. किती लांब पळतं, वळण घेताना कोलमडतं का, उन्हात दम किती टिकतो, आणि ससा धरल्यावर मालकाकडं आणतं का स्वतःच फाडतं. जे कमी पडलं त्याची पिल्लं कोण घेत नव्हतं. कागद नव्हता, चषक नव्हता, पण चाचणी एकदम कडक होती.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार बंद झाली. ते बरोबरच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चाचणी गेली ती गेलीच. तिच्या जागी दुसरं काय आलं? एक म्हणजे शोची रिंग. दुसरं म्हणजे पळायच्या शर्यती, त्यात ग्रेहाउंडचं रक्त घालून वेग वाढवायचा. रिंगमध्ये उंच, चकचकीत, भरलेलं कुत्रं पुढं येतं. शर्यतीत थोड्या अंतरात सुसाट सुटणारं पुढं येतं. माळरानावरचं काटक, कमी खाणारं, ४२ अंशातबी न थकणारं कुत्रं दोन्हीकडं मागं राहतं. माझ्या ओळखीत एक कुत्रं आहे, शोमध्ये त्याला बक्षिसं मिळाली, आणि मे महिन्यात सकाळी नऊनंतर ते सावलीतनं हलत न्हाई. असल्या कुत्र्याला कारवानी म्हणायचं तर मला जड जातं.

खिलारचंबी थोडं तसंच. जत्रेत बक्षीस मिळालेल्या खोंडाची किंमत वाढते, पण जाणता शेतकरी आधी विचारतो, याच्या पोटची बैलं कामाला कशी आहेत.

अण्णा_बेळगाव

माणदेशी दादा, तुमच्या भागाबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मुधोळ आमच्याकडून जवळच. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास नेटाने केली म्हणून ती टिकली असं आमच्याकडे सगळे सांगतात. पण संस्थानं गेली आणि पाठबळही गेलं. त्यानंतर शहरातल्या लोकांना ही जात दिसली कुठे? शोमध्येच. एक संस्था कारवान हाउंड म्हणून नोंदवते, दुसरी मुधोळ हाउंड म्हणून. हे भांडण आहेच. पण दोन्हीकडे रिंग आहे म्हणून तर चार सुशिक्षित तरुण मुलं ही कुत्री पाळू लागली, वंशावळी लिहू लागली. २००५ मध्ये पोस्टाने तिकीट काढलं, मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्र झालं, २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात पिल्लं प्रशिक्षणाला गेली. लोकांच्या नजरेत जात राहिली म्हणून हे घडलं. शो बंद करा म्हणाल तर आपल्या देशी जाती आधी संपतील.

माणदेशी

अण्णा, शो बंद करा असं मी म्हटलंच न्हाई. रिंगच्या जोडीला पळवून बघा एवढंच म्हणणं. मोटारीवर दोरी गुंडाळून पुढं प्लॅस्टिकची पिशवी ओढतात, तिच्यामागं कुत्री सोडायची. जीव कुणाचा जात न्हाई आणि वळण, दम, जिद्द सगळं दिसतं. किताब द्यायचा तर दोन्हीतल्या कुत्र्याला द्या.

अण्णा_बेळगाव

याला शंभर टक्के पाठिंबा.

मीरा_बर्मिंगहॅम

क्रफ्ट्स हा ब्रिटनमधला सगळ्यात गाजलेला कुत्र्यांचा शो आमच्या शहरात, एनईसी या प्रदर्शन केंद्रात भरतो. १९९१ पासून इथेच. मला कुत्र्यांचं वेड, त्यामुळे मी आवडीने जाते. वातावरण भारावून टाकणारं असतं, ते नाकारणार नाही. पण निनाद यांच्या प्रश्नावर इंग्लंडमध्ये जेवढी वादळं झाली तेवढी क्वचितच कुठे झाली असतील.

२००८ मध्ये बीबीसीवर जातिवंत कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट दाखवला गेला. त्यात कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचा प्रश्न होता. कवटी लहान आणि मेंदू मोठा झाल्यामुळे मज्जारज्जूत पोकळ्या होतात, कुत्रा वेदनेने मान खाजवत राहतो, किंचाळतो. असा आजार निदान झालेला एक विजेता नर पैदाशीसाठी वापरला जात होता. २००३ च्या क्रफ्ट्सचा सर्वोच्च विजेता पेकिनीज होता, त्याच्या टाळूवर श्वासासाठी शस्त्रक्रिया झालेली होती, हेही लोकांना तेव्हा कळलं. म्हणजे ज्याला नीट श्वास घेता यावा म्हणून कापाकापी करावी लागली, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम कुत्रा! बीबीसीने २००९ पासून क्रफ्ट्स दाखवणं बंद केलं. २०१० मध्ये प्राध्यापक पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी अहवाल आला.

मग २०१२ मध्ये एक नवा नियम झाला. आरोग्याच्या दृष्टीने धोक्यात असलेल्या १५ जातींमध्ये पहिला आलेल्या कुत्र्याला किताब पक्का होण्याआधी पशुवैद्याने तपासायचं. पहिल्याच वर्षी ६ विजेते नापास झाले. बुलडॉग, पेकिनीज, बॅसेट हाउंड, क्लंबर स्पॅनियल, मॅस्टिफ, निओपॉलिटन मॅस्टिफ. सकाळी जजने पहिला नंबर दिलेला, दुपारी डॉक्टरने परत पाठवलेला. मालकांचं रडणं मी पाहिलंय, आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटलं. ती माणसं कुत्र्यांवर जिवापाड प्रेम करत होती. फक्त त्यांच्या डोळ्यांना ते रूप 'बरोबर' वाटायची सवय लागलेली होती.

आणि निनाद, तुमच्या जातीचंही ऐका. २०१६ मध्ये क्रफ्ट्सला जर्मन शेफर्डमध्ये पहिली आलेली मादी टीव्हीवर चालताना दिसली आणि लोकांनी एकच गहजब केला. पाठ इतकी उतरती, मागचे पाय जवळजवळ घोट्यावर टेकलेले.

इतिहासात_रमलेला

शेफर्डचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जातो, कारण ही जात जन्मली तीच एका शोमध्ये.

मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाचा जर्मन घोडदळातला अधिकारी. त्याने १८९९ च्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा पाहिला आणि तिथेच विकत घेतला. त्याचं नाव ठेवलं होरांड फॉन ग्राफराट. त्याच महिन्यात एसव्ही ही शेफर्डची संस्था काढली, आणि तिच्या वंशनोंदीतला पहिला क्रमांक होरांडचा. पण तो भाळला रूपावर नव्हे, कुत्र्याच्या कामावर. काम न करणारा शेफर्ड हा शेफर्डच नव्हे, अशी त्याची भूमिका शेवटपर्यंत होती.

गंमत पुढे आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत शेफर्ड फार उंच आणि चौकोनी होऊ लागले होते. १९२५ च्या मुख्य प्रदर्शनात स्टेफानिट्झने क्लोडो फॉम बॉक्सबर्ग या बुटक्या, लांबट कुत्र्याला मुद्दाम विजेता केलं. अख्ख्या जर्मनीतल्या ब्रीडरांना तो इशारा होता, इथून पुढे असं. आणि जात खरोखर वळली. म्हणजे निनाद यांचा प्रश्न उलटा करूनही विचारावा लागतो. शोचा निकाल पैदास कशी आहे ते किती दाखवतो हा एक भाग. पण तो पुढची पैदास घडवतो, यात शंकाच नाही. जज चुकला तर चूक त्या दिवसापुरती राहत नाही, पुढच्या दहा पिढ्यांत उतरते. १९२५ ला दिलेला इशारा एका शहाण्या माणसाचा होता. नंतरच्या काळात उतरत्या पाठीकडे जे वळण लागलं, तेही असंच एकेका निकालाने लागलं.

शुभांगी_लॅबवाली

फार छान माहिती. पण याच जर्मनीचं उदाहरण माझ्याही बाजूने आहे ना? तिथे शेफर्डला पैदाशीची परवानगी हवी तर नुसता शो चालत नाही. खुब्यांचे एक्सरे, २० किलोमीटर सायकलसोबत धावायची दमाची परीक्षा, आज्ञापालन, संरक्षण आणि माग काढण्याची परीक्षा, आणि मग प्रत्यक्ष कुत्र्याची पैदास-तपासणी. शो त्या साखळीतला एक दुवा आहे. मग दोष शोचा की बाकीचे दुवे नसण्याचा?

पशुवैद्य_वऱ्हाडी

ताई, मुद्दा एकदम बरोबर. जर्मनांनी त्याच्या पुढे जाऊन प्रत्येक कुत्र्याचा खुब्यांसाठी पैदास-अंक काढला. त्यात त्याचा स्वतःचा एक्सरे, भावंडांचे, आई-बापाचे आणि पिल्लांचे एक्सरे एकत्र धरतात. सरासरी १००. त्याच्या खाली जेवढा अंक तेवढं चांगलं. पैदाशीच्या दर्जाचं मोजमाप म्हणतात ते हे. आणि तरीही तिथल्या शोसाठी पैदास होणाऱ्या शो-लाइनची पाठ उतरतीच राहिली, कामासाठीच्या वर्किंग-लाइनची सरळ राहिली. कारण सगळ्या परीक्षा पास होणाऱ्यांमधून शेवटी निवड होते ती रिंगमध्ये जिंकणाऱ्याची.

अजून एक गोष्ट जी इथे कोणी लिहिली नाही. जिंकणाऱ्या नराला सगळ्यांच्या माद्या नेतात. पाच-सहा वर्षांत एका शहरातली निम्मी पिल्लं एकाच नराची होतात. पुढच्या पिढीत चांगला जोडीदार शोधायला जावं तर सगळे सावत्र भाऊबहीण. सावत्र भावंडांच्या पिल्लात इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं मोजमाप) १२.५ टक्के, सख्ख्यांच्या २५. त्या नरात एखादा लपलेला दोष असेल तर तो आता सगळ्या गावात पसरलेला. चॅम्पियन नर जितका जास्त वापरला, तितका हा धोका मोठा. जातीचं खरं नुकसान इथे होतं, आणि रिंगमध्ये उभं राहून ते कुणालाच दिसत नाही.

डाल्मेशियनमध्ये हे टोकाला गेलं. चट्टे उठून दिसावेत म्हणून पिढ्यान्पिढ्या निवड होत गेली आणि त्याच्या जोडीने लघवीतल्या युरिक ॲसिडचा दोष अख्ख्या जातीत बसला. मुतखडे, नरांमध्ये तर लघवी अडकून जीव जायची वेळ. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट शाइबल यांनी एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि पुढे सतत डाल्मेशियनशीच जोड लावत निरोगी कुत्री तयार केली. शोच्या जगाने त्यांना आत घ्यायला कित्येक दशकं खळखळ केली. अमेरिकन केनेल क्लबने शेवटी २०११ मध्ये नोंदणी दिली. औषध हातात असताना कुत्री इतकी वर्षं त्रास काढत राहिली, याचा मला आजही संताप येतो.

चिंटूचे_बाबा

म्हणून आमचा चिंटू. गल्लीतला, बाप अज्ञात, आई कचराकुंडीजवळची. तेरावं वर्ष चालू आहे, लसीकरणाखेरीज डॉक्टरची पायरी चढलेला नाही. निनादराव, गावठी पिल्लू घ्या की!

निनाद_मिरज

बाबा, घरी दोन गावठी आधी होऊन गेली, दोन्ही जिवाची होती. यावेळी शेफर्ड हा माझ्या वडिलांचा जुना हट्ट आहे, तो पुरवायचाय.

वसुधा_नाशिक

वडिलांचा हट्ट पुरवताय हे वाचून बरं वाटलं.

ओंकार_प

लॅबबद्दल एक प्रश्न, शुभांगीताईंना. ब्रिटनमध्ये शिकारी जातीच्या कुत्र्याने फक्त रिंग जिंकली तर तो 'शो चॅम्पियन', आणि शिकारीच्या कामातही पात्र ठरला तरच नुसता 'चॅम्पियन'. हा फरक आपल्याकडे का नाही? आणि शोमधली लॅब इतकी जाड का असतात?

शुभांगी_लॅबवाली

ओंकार, पहिल्याला उत्तर असं की आपल्याकडे बंदुकीने पाडलेला पक्षी आणायचं कामच उरलेलं नाही. पण आज्ञापालन आणि पाण्यातून वस्तू आणण्याची चाचणी सहज ठेवता येईल, मी त्याच्या बाजूची आहे.

दुसऱ्याबद्दल मलाही वाईट वाटतं. हाडपेर भक्कम असणं आणि चरबी असणं यात फरक आहे, आणि काही जज चरबीलाच भक्कमपणा समजतात. मी माझ्या कुत्र्यांना वजन वाढवून उतरवत नाही, त्याची किंमत कधीकधी निकालात मोजावी लागते. मोजते.

पशुवैद्य_वऱ्हाडी

ताई, तुमच्यासारखे दहा जण असते तर माझं अर्धं काम कमी झालं असतं. यावर एक पक्का पुरावा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून आयुष्यभर अभ्यास झाला, २००२ मध्ये निष्कर्ष छापले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घातलं. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि सांध्यांचा त्रास कितीतरी उशिरा सुरू झाला. निनाद, बाप कोणीही असो, पहिलं दीड वर्ष पिल्लाला गुटगुटीत होऊ देऊ नका. आणि गुळगुळीत फरशीवर पळू देऊ नका.

कोकणातला_केदार

माझ्या आजेसासऱ्यांनी माझ्या बायकोचं स्थळ बघताना आमच्या घरातली माणसं बघितली होती, भिंतीवरच्या ढाली नव्हे. पिल्लाच्या बाबतीत पण तेच, आईला बघा. पिल्लं पहिले दोन महिने तिच्यापाशी असतात, ती घाबरट असेल तर पिल्लं घाबरट होतात.

शुभांगी_लॅबवाली

हे खरं. आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत असतील तर घेऊ नका. २०१७ च्या नियमांनुसार विकताही येत नाही, शिवाय ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद केलेली असली पाहिजे. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

मीरा_बर्मिंगहॅम

नॉर्वेत तर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरची आत्ताच्या पद्धतीने होणारी पैदास बेकायदा ठरवली. मला वाटतं हळूहळू सगळीकडे हा प्रश्न कोर्टातच जाईल. त्याआधी ब्रीडर मंडळींनीच पावलं उचलावीत अशी मनापासून इच्छा आहे.

इतिहासात_रमलेला

मीराताई, कोर्टाने सगळ्या जाती एकाच मापाने मोजल्या तर देशी, काटक जातींवरही बालंट येईल. याबाबत मी साशंक आहे.

मीरा_बर्मिंगहॅम

कोर्टासमोर पुराव्यासकट एकेक जातच येते. त्याच खटल्यात आधीच्या अपील कोर्टाने बुलडॉगबाबत वेगळा निर्णय दिला होता. तरी तुमची भीती समजते.

निनाद_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात बरंच घडलं, ते सांगतो.

ब्रीडरला फोन करून आईला भेटायचंय आणि दोघांचे खुब्यांचे एक्सरे बघायचेत असं सांगितलं. तो आधी नाराज झाला. "बाप चॅम्पियन असताना एक्सरे कशाला?" मग कळलं की बाप त्याचा नाहीच. नर दुसऱ्या शहरातल्या एका गृहस्थांचा, याने फक्त मादी नेली होती. मी थेट त्या गृहस्थांना फोन लावला. माणूस अगदी सज्जन निघाला. स्वतःहून म्हणाले, "माझ्या कुत्र्याचे चषक बघू नका, त्याची पिल्लं बघा." दोन वर्षांपूर्वीच्या एका लिटरमधल्या तीन घरांची नावं दिली. नराचा एक्सरे दोन वर्षांच्या वयात काढलेला आहे, तोही पाठवला.

त्या तीन घरांपैकी एक इचलकरंजीत, म्हणून बाबांना घेऊन गेलो. कुत्री शांत, पाठ सरळ, लहान मुलं तिच्या अंगावर लोळत होती. दुसऱ्या घरी फोनवर बोललो, तिथला नर चांगला आहे पण फटाक्यांना खूप घाबरतो. तिसऱ्यांनी सांगितलं की त्यांच्याकडच्या मादीला वर्षाच्या आतच मागच्या पायात त्रास सुरू झाला, एक्सरेत एका बाजूचा खुबा उथळ निघाला. तिची आई वेगळी होती, या वेळच्या मादीची सावत्र बहीण.

आता डॉक्टर, तुम्ही सांगा. बाप चांगला, त्याच्या एका मुलीला खुब्याचा त्रास, आणि या वेळच्या आईचा एक्सरेच नाही.

माणदेशी

शाब्बास. एवढं कोण करतं?

पशुवैद्य_वऱ्हाडी

निनाद, तुम्ही जे केलं ती घरगुती पातळीवरची संतती-चाचणीच आहे. तीनपैकी एक दोषी निघणं हे काही बापाला बाद ठरवत नाही. खुब्यात अनेक जनुकं आणि वाढीच्या काळातलं खाणं, वजन, व्यायाम सगळं येतं. पण ते पिल्लू ज्या मादीचं, तिची सावत्र बहीण आता याच नराला दिली आहे, आणि तिचे खुबे कुणी पाहिलेले नाहीत. दोष आईकडच्या बाजूने आला असण्याची शक्यता बळकट आहे. मी असतो तर आईचा एक्सरे झाल्याशिवाय या लिटरमधलं पिल्लू घेतलं नसतं. ब्रीडर भूल देऊन एक्सरे काढायला तयार नसेल तर नराच्या मालकांना विचारा, पुढे कुठली तपासलेली मादी येणार आहे का.

आणि नराचा एक्सरे आला आहे त्यावर मायक्रोचिपचा नंबर छापलेला आहे का, ते बघा. नंबर नसेल तर ती फिल्म कुठल्याही कुत्र्याची असू शकते.

शुभांगी_लॅबवाली

नंबर पेडिग्री सर्टिफिकेटवरच्या चिप नंबरशी ताडून घ्या. आणि फिल्मवर तारीखही हवी.

निनाद_मिरज

आत्ताच पाहिलं. नंबर आहे आणि जुळतोय, तारीखही आहे. नराच्या मालकांशी बोललो. दिवाळीनंतर कोल्हापूरची एक मादी येणार आहे, तिचे खुबे आणि डीएम दोन्ही तपासलेले आहेत. बाबा थांबायला तयार आहेत. पुण्याच्या ब्रीडरला नाही म्हणून कळवलं.

चिंटूचे_बाबा

तोपर्यंत बाबांना चिंटूकडे पाठवा, सराव होईल.